ईलिंगच्या चित्रशाळेतला बेटावरचा मुलगा : फ्रेडी मर्क्युरी

वाचकहो, एच. एस. सी.चा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगा डॉक्टर होणार की वकील? मुलगी शिक्षिका होणार की हिशेबनीस? अशा वेळी एखाद्याने मला चित्रकला शिकायची आहे, कपड्यांचे डिझाइन करायचे आहे, असे म्हटले तर आईबाबांचा चेहरा पडतो. कपड्यांचा धंदा म्हणजे कारखान्यातली मशीन, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. १९७० च्या कायद्यानंतर आपल्या मॉरिशसमध्ये निर्यातीचे कारखाने निघाले आणि आपल्या कितीतरी माताभगिनींनी तेथे कपडे शिवून मुलांना शिकवले. परंतु तो कपडा आधी कागदावर कोणी रेखाटला, हे आपण क्वचितच विचारतो.

आज ज्याची ओळख करून घ्यायची आहे, तोही एका बेटावरचाच मुलगा. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखते. त्याचे खरे नाव फारोख बल्सारा. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर ५ सप्टेंबर १९४६ रोजी एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील बोमी हे इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आईचे नाव जेर आणि धाकट्या बहिणीचे कश्मिरा.

फारोख आठ वर्षांचा असताना त्याला शिक्षणासाठी बोटीने हिंदुस्थानात पाठवण्यात आले. शाळा होती पाचगणीची सेंट पीटर्स. पाचगणी सातारा जिल्ह्यात आहे. म्हणजे ज्या मुलखातून आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज समुद्र ओलांडून इकडे आले, त्याच मुलखात हा मुलगा समुद्र ओलांडून शिकायला गेला. सुट्टीत तो मुंबईला नातेवाइकांकडे राही. शाळेत तो पियानो शिकला, टेबल टेनिस उत्तम खेळला, चित्रे काढू लागला आणि मित्रांबरोबर त्याने हेक्टिक्स नावाचे वाद्यवृंद पथकही काढले. तेथेच मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले.

१९६३ साली तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी जानेवारीत तेथे क्रांती झाली, रक्तपात झाला आणि बल्सारा कुटुंबाला घरदार सोडून इंग्लंड गाठावे लागले. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम गावात त्यांनी लहानसे घर घेतले. नोकरी, पगार, थंडी, सारेच नवे होते. अशा घरातल्या मुलाने चार पैसे हमखास मिळतील असे शिक्षण घ्यावे, असे आईवडिलांना वाटले तर त्यांना दोष कोण देईल? फ्रेडीने मात्र आयलवर्थच्या पॉलिटेक्निकमध्ये चित्रकलेची परीक्षा दिली आणि १९६६ च्या सप्टेंबरमध्ये ईलिंगच्या कला महाविद्यालयात नाव घातले.

ईलिंग हे पश्चिम लंडनमधले उपनगर. साड्यांच्या आणि कापडाच्या दुकानांनी गजबजलेले साउथहॉल त्याच नगरपालिकेत येते. सेंट मेरीज रोडवरच्या त्या महाविद्यालयात फ्रेडी तीन वर्षे शिकला आणि १९६९ साली ग्राफिक कला व डिझाइनचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडला. आज त्या जागी वेस्ट लंडन विद्यापीठ आहे. रेषा कशी ओढावी, अक्षर कसे घडवावे, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग खुलतो, हे तो तेथे शिकला. टिम स्टाफेल नावाच्या सहाध्यायामुळे त्याची गाठ ब्रायन मे आणि रॉजर टेलर या वादकांशी पडली. १९७० साली त्यांचे पथक निघाले. त्याला क्वीन हे नाव फ्रेडीने दिले. पथकाचे बोधचिन्हही त्यानेच काढले. चारही सभासदांच्या राशींवरून त्यात दोन सिंह, एक खेकडा आणि दोन पऱ्या आहेत, मध्ये मुकुट आणि वर फिनिक्स पक्षी. डिप्लोमा फुकट गेला नाही, तो असा.

पण नुसत्या गाण्यावर तेव्हा पोट भरत नव्हते. केन्सिंग्टन मार्केटमध्ये फ्रेडी आणि रॉजर यांनी एक गाळा घेतला. प्रथम त्यांनी तेथे ईलिंगच्या विद्यार्थ्यांची चित्रे विकायला ठेवली. पुढे जुन्या काळचे कोट, शाली, स्कार्फ असा माल आणून ते विकू लागले. नंतर त्याच बाजारात एका बुटांच्या गाळ्यावर फ्रेडीने नोकरी केली, आणि काही काळ हीथ्रोवर प्रवाशांचे सामानही उचलले. त्या गाळ्याने तो श्रीमंत झाला नाही. परंतु कोणते कापड अंगावर कसे पडते, गिऱ्हाईक कशापाशी थबकते आणि काय हातात घेऊन परत ठेवते, हे तो रोज डोळ्यांनी पाहत होता. हे शिक्षण वर्गात मिळत नाही.

१९७३ साली क्वीनची पहिली तबकडी निघाली. १९७४ च्या सुमारास त्यांनी झँड्रा ऱ्होड्स या डिझायनर बाईंकडून रंगमंचाचे कपडे करवून घेतले. फ्रेडीचा तो पांढरा, चुण्यांचा, पंखासारख्या बाह्यांचा अंगरखा अजून लोकांच्या आठवणीत आहे. या बाईंचे मूळ शिक्षण कापडावरच्या नक्षीकामाचे. २००३ साली त्यांनी लंडनमध्ये फॅशन आणि वस्त्रकलेचे संग्रहालय उघडले. पुढे १९८६ च्या दौऱ्यासाठी डायना मोझली यांनी फ्रेडीचे पिवळे जाकीट आणि राजाचा लाल झगा तयार केला. तो झगा आणि मुकुट २०२३ साली लिलावात ६,३५,००० पौंडांना गेला.

येथे आपल्या तरुणांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फ्रेडी स्वतः शिंपी नव्हता. एका झग्यामागे अनेकांचे हात असतात. कोणी चित्र काढतो. कोणी कापडाची नक्षी ठरवतो. कोणी त्या चित्रावरून कागदाचे तुकडे कापतो, त्याला आपले शिंपी कटिंग मास्टर म्हणतात. कोणी पहिला नमुना शिवतो, कोणी कापडाची खरेदी पाहतो, कोणी दुकानाची मांडणी करतो. यातले प्रत्येक काम स्वतंत्र पेशा आहे आणि प्रत्येकाला वेगळे शिक्षण लागते. ज्याची रेघ चांगली त्याने चित्राकडे जावे, ज्याचे गणित चांगले त्याने कटिंगकडे, आणि ज्याला माणसे ओळखता येतात त्याने खरेदी-विक्रीकडे.

१३ जुलै १९८५ रोजी वेम्बली येथे दुष्काळग्रस्तांसाठी मोठा कार्यक्रम झाला. तेथे फ्रेडी साधा पांढरा बनियन आणि फिकी जीन्स घालून आला. दंडाला चामड्याचा एक पट्टा, बस्स. सारे मैदान त्याच्याबरोबर गाऊ लागले. जरीचा झगा कधी घालावा आणि बनियन कधी, ही जाणही याच विद्येचा भाग आहे.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, एड्सच्या आजाराने लंडनच्या राहत्या घरी त्याचे निधन झाले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. फेल्टमच्या त्या लहान घरावर २०१६ साली निळी स्मृतिपाटी बसवण्यात आली.

पालकहो, हजारांत एखादाच फ्रेडी होतो, हे खरे आहे. परंतु ईलिंगहून डिप्लोमा घेतलेल्या मुलाला पहिली काही वर्षे गाण्याने नव्हे, तर चित्राने, कापडाने आणि गाळ्याने तारले, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा आपल्या घरातले एखादे मूल वहीच्या मागच्या पानावर झगे आणि सदरे रेखाटत बसले, तर वही हिसकावून घेऊ नका. ते पान एकदा नीट पाहा, आणि हे शिकायला कोठे जावे लागेल याची त्याच्याबरोबर बसून चौकशी करा.