पंडिता रमाबाई आणि त्यांची वाटचाल

आपल्या जालना जिल्ह्यातील जांब हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. समर्थांनी लहानपणीच घर सोडले, नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे तप केले आणि पुढील बारा वर्षे पायी फिरून सर्व भरतखंड पाहिले, असे परंपरा सांगते. ही कथा आपण मुलांना मोठ्या अभिमानाने ऐकवितो. परंतु त्याच घरातील मुलीने, सुटीत अजिंठ्याच्या डोंगरात हिंडून येते किंवा एखादा गड चढून येते, असे म्हणण्याचा अवकाश, की वडील माणसांच्या जिवाची घालमेल होऊ लागते. ही भीती अगदीच निराधार आहे, असे कोण म्हणेल? आडरानात वाट चुकते, पाणी संपते, अंधार पडतो, आणि श्वापदापेक्षाही दुष्ट मनुष्याचे भय स्त्रीला अधिक असते.

या भीतीस दोन उत्तरे देता येतात. मुलीला दाराआड ठेवावे, हे एक. तिला शहाणी करावे व वाट सुरक्षित करावी, हे दुसरे. पहिले उत्तर सोपे असल्यामुळे बहुतेकांना तेच सुचते. दुसरे उत्तर आपल्या सबंध आयुष्याने देणारी एक स्त्री महाराष्ट्रात होऊन गेली. तिचे चरित्र आमच्या विद्यार्थिनींनी व त्यांच्या आईबापांनी एकत्र बसून वाचावे, अशी इच्छा आहे. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. पेशव्यांच्या कुटुंबातील स्त्रीला संस्कृत शिकविले जात असल्याचे त्यांनी तरुणपणी पाहिले होते, आणि आपल्या घरातही विद्येचा हा दिवा लावावा, हा ध्यास त्यांनी घेतला. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून जी गोदावरी वाहते, त्याच गोदावरीच्या काठी एका यात्रेत त्यांचा विवाह लक्ष्मीबाईंशी झाला. वधूचे वय त्या वेळी अवघे नऊ वर्षांचे होते. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल लोकांनी बोल लावला, तेव्हा शास्त्रीबुवा सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या निबिड अरण्यात जाऊन राहिले. तेथील पहिली रात्र त्या बालिकेने उघड्यावर काढली. वाघाची डरकाळी कानी पडत होती. ती आपली पासोडी अंगाशी गुंडाळून जमिनीवर पडून राहिली आणि पती उजाडेपर्यंत पहारा करीत बसले. पुढे याच लक्ष्मीबाई त्या रानात नांदल्या, विद्या शिकल्या आणि मुलांना शिकविण्याइतक्या तयार झाल्या.

२३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म या गंगामुळी झाला. मूल सहा महिन्यांचे असतानाच कुटुंबाने ते घर सोडले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगराखाली नेण्यात आले, आणि तेव्हापासून वीस वर्षे वाट हेच तिचे घर झाले. शास्त्रीबुवा तीर्थोतीर्थी जात, देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगत, आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह चाले. दिवसा आईला उसंत नसे. म्हणून पहाटे, पाखरे किलबिलू लागण्याच्या सुमारास, ती निजलेल्या मुलीला मांडीवर घेऊन जागी करी व श्लोक म्हणवून घेई. जेथे मुक्काम पडेल तेथील भाषा रमेच्या कानी पडे. मराठीबरोबर कानडी, हिंदुस्थानी व पुढे बंगाली या भाषा तिने अशाच आत्मसात केल्या. परमुलखात ज्याला वाट विचारता येते आणि समोरच्याचे बोलणे समजते, तो अर्धा निर्धास्त असतो, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

परंतु या भटकंतीचे वर्णन केवळ रम्य करून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. इ. स. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. दानधर्म आटला, जवळचे किडूकमिडूक विकले गेले, आणि मोलमजुरीची सवय नसल्याने कुटुंब अन्नान्न झाले. तिरुपतीच्या बाजूस रानात अकरा दिवस त्यांनी पाणी आणि झाडपाला यांवर काढले. शास्त्रीबुवा थकून गेले व लवकरच निवर्तले. थोड्याच काळात लक्ष्मीबाईही गेल्या. त्यांचे प्रेत उचलण्यास माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले. तिसरे खांदेकरी बंधू श्रीनिवास, आणि चौथी स्वतः रमा. तिची उंची कमी, म्हणून तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला आणि सुमारे तीन मैलांवरील स्मशान गाठले. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही वारली. सोळा-सतरा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ एवढीच दोघे उरली.

या दोघांनी त्यानंतर सहस्रावधी मैलांची पायपीट केली. दक्षिणेतून निघून ती पंजाब व काश्मीरपर्यंत गेली आणि तेथून पूर्वेस वळून इ. स. १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. पायांत वहाण नाही, अंगावर पुरेसे पांघरूण नाही, आणि पुष्कळदा भिजविलेले मूठभर धान्य मिठाबरोबर खाऊन दिवस ढकलावा लागे. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाण्याची वेळ आली. तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत आडवे होऊन अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली, आणि फक्त डोकी बाहेर ठेवून रात्र काढली. उघड्यावर सापडलेल्या मनुष्याने वारा व गारठा यांपासून प्रथम अंग राखावे, हा नियम आज डोंगरात जाणाऱ्यांना शिकवितात. या बहीणभावांना तो संकटानेच शिकविला.

या प्रवासात रमाबाईंचे रक्षण कशाने झाले, याचा विचार केल्यास चार गोष्टी दिसतात. पहिली, विश्वासू सोबत. ही सोबत नसती, तर हा प्रवास कसा घडला असता, हे सांगवत नाही. दुसरी, नदीचे घाट, देवळे व यात्रामार्ग यांवरील माणसांची वर्दळ. तिसरी, भाषा व विद्या. त्यांच्या बळावर अनोळखी गावातही मान मिळे. चौथी गोष्ट म्हणजे केवळ दैव, आणि तिच्या भरवशावर कोणी राहू नये. ज्या दुष्काळातून रमाबाई वाचल्या, त्यात त्यांच्यासारख्या कित्येक मुली वाचल्या नाहीत, याचा विसर रमाबाईंना कधीही पडला नाही.

कलकत्त्यात त्यांच्या विद्वत्तेने पंडित चकित झाले आणि त्यांनी रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण सोबतीची माणसे एकेक गळतच गेली. इ. स. १८८० मध्ये बंधू श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला, इ. स. १८८१ मध्ये कन्या मनोरमा झाली. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पतीही पटकीने गेले. तेवीस वर्षांची विधवा, मांडीवर दहा महिन्यांचे मूल आणि पुढे अफाट जग! आता मात्र त्या खरोखरच एकट्या झाल्या.

त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार कराव्यात, अशी मागणी त्यांनी केली. इ. स. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इ. स. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ त्या विस्तीर्ण देशात व्याख्याने देत हिंडल्या. इ. स. १८८९ मध्ये परत येऊन मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले.

इतके यश मिळाल्यावर एखाद्याने मागील वाट विसरली असती. इ. स. १८९६ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडल्याचे ऐकताच रमाबाई त्या मुलखात गेल्या. तेथील अन्नछत्रांतून व कामांच्या छावण्यांतून त्यांनी जे पाहिले, ते भुकेपेक्षाही भयंकर होते. आईबाप गमावलेल्या मुलींना अन्नाचे आमिष दाखवून फसविणारे नराधम तेथे टपून बसले होते. स्वतः सोळाव्या वर्षी त्याच दशेत वाट तुडविलेल्या रमाबाईंना हे सहन झाले नाही. त्यांनी सुमारे तीनशे मुली सोडवून आणल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्यांना ठेवता येईना, तेव्हा पुण्यापासून काही कोसांवर केडगाव येथे आपल्या मळ्यात त्यांना नेले. तेथेच इ. स. १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. इ. स. १९०० च्या दुष्काळात आश्रमातील जाणत्या झालेल्या स्त्रियाच गुजरातेत गेल्या आणि त्यांनी शेकडो मुली आणल्या. काल ज्या वाटेवर निराधार सापडल्या होत्या, त्याच आज दुसऱ्यांच्या वाटाड्या झाल्या! केडगावास त्या शेती, विणकाम, छपाई, दूधदुभते अशी कामे शिकत. अंध स्त्रियांनाही बोटांनी वाचण्यास शिकविले जाई.

या काळातील एक प्रसंग विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. इ. स. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, अशी तक्रार रमाबाईंनी मुंबईच्या एका वर्तमानपत्रातून उघडपणे केली. सरकारने ती नाकारली आणि प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. अशा गोष्टी झाकून ठेवण्याची रीत सर्वत्र असताना, आणि स्वतःचे कार्य सरकारच्या मर्जीवर पुष्कळ अवलंबून असताना, त्यांनी मौन धरले नाही. मुलीवर अन्याय झाला, तर दोष अन्याय करणाराचा, वाटेने जाणारीचा नव्हे, हे त्यांच्या कृतीचे सार होय.

इ. स. १९१९ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले. इ. स. १९२१ मध्ये कन्या मनोरमा आईआधी गेली, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर करण्याचे आपले काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावास देह ठेवला.

आता आपल्याकडे वळू. आपल्या जिल्ह्यात वाडीवस्तीवरून शाळेस चालत येणाऱ्या मुली थोड्या नाहीत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील स्त्रियांनी खडी फोडण्याच्या कामांवर केलेली पायपीट आजही घरोघरी सांगितली जाते. म्हणजे वाट आपल्या लेकींना नवी नाही; नवे आहे ते आनंदासाठी चालणे. तो आनंद त्यांना अवश्य मिळावा. परंतु निघण्यापूर्वी कोठे जाणार, कोणत्या वाटेने व केव्हा परतणार, हे घरी लिहून ठेवावे. नवख्या डोंगरात एकटीने जाऊ नये. अनुभव येईपर्यंत भरवशाची सोबत असावी. पायथ्याच्या गावात थांबून तेथील बायाबापड्यांकडून वाट व पाणवठा विचारून घ्यावा, आणि आपण वर जात असल्याचे त्यांना कळवावे. मात्र आपण एकट्या आहोत, कोठे उतरणार आहोत, हे वाटेत भेटेल त्याला सांगत सुटू नये. पाणी, पांघरूण, विजेरी व शिटी जवळ असावी. भ्रमणध्वनीवरून ११२ या क्रमांकावर मदत मागता येते. परंतु दऱ्याखोऱ्यांत आवाज पोहोचतोच असे नाही, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. दिवस मावळण्याआधी खाली उतरावे. आणि एखाद्या माणसाविषयी किंवा जागेविषयी मनात शंका आली, तर भिडेस न पडता तत्काळ मागे फिरावे. मागे फिरण्यात कमीपणा नाही.

पालकांस एकच विनंती आहे. मुलगी परत येऊन काही अप्रिय घडल्याचे सांगू लागली, तर पहिला शब्द रागाचा नसावा. रागावलेल्या घरात पुढच्या वेळी मुलगी बोलत नाही, आणि न बोलणारी मुलगीच सर्वांत अधिक संकटात असते. तिचे ऐकून घ्यावे, तिच्या बाजूने उभे राहावे, आणि रमाबाईंप्रमाणे जेथे दाद मागावयाची तेथे मागावी.

गंगामुळाच्या रानात नऊ वर्षांची एक मुलगी पासोडीत अंग लपवून पहाटेची वाट पाहत होती. तिच्या लेकीने सारा देश पायी पाहिला, आणि त्या लेकीने शेकडो परक्या लेकींना निर्भय छप्पर दिले. तीन पायऱ्यांत केवढी ही चढण! तिची पुढली पायरी आमच्या विद्यार्थिनींनी चढावी, आणि त्या चढत असताना त्यांच्या आईबापांनी खालून हाका मारून परत न बोलाविता, दिवा घेऊन वाटेवर उभे राहावे, एवढीच प्रार्थना.