नगरांचा वैद्य : प्रोफेसर पॅट्रिक गेडिस

वैद्य दोन प्रकारचे असतात. एक रोग दिसताच अवयव कापून टाकावयास निघतो. दुसरा आधी नाडी पाहतो, रोग्याची राहणी विचारतो आणि जेवढे सडले असेल तेवढेच काढून बाकीचे वाचवितो. माणसाप्रमाणे नगरांनाही रोग जडतात. दाट वस्ती, कोंदट गल्ल्या, मुलांना खेळावयास हातभर जागा नाही, वृद्धांना टेकावयास झाडाची सावली नाही, ही त्या रोगाची लक्षणे होत. असल्या रोगावर दुसऱ्या प्रकारचा उपचार करणाऱ्या एका थोर नगरवैद्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ते जन्माने स्कॉटलंडचे. परंतु उतारवयातील सुमारे दहा वर्षे त्यांचा आपल्या देशाशी निकटचा संबंध होता, आणि मुंबई विद्यापीठात त्यांनी अध्यापनही केले.

पॅट्रिक गेडिस ह्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी बॅलेटर ह्या लहानशा गावी झाला. वडील सैन्यात होते. पुढे हे कुटुंब पर्थ नगराजवळच्या टेकडीवर एका साध्या घरात राहावयास आले. घराभोवती बाग होती. तेथे पित्याने मुलाला आळी करणे, रोप लावणे, ऋतू ओळखणे हे सारे हाताला धरून शिकविले. पुस्तकाआधी मातीशी ओळख झालेला हा मुलगा मोठेपणी वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, ह्यात नवल नाही.

लंडनमध्ये सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ हक्स्ले ह्यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे अध्ययन केले. १८७९ साली संशोधनासाठी मेक्सिकोस गेले असता त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली व अंधाऱ्या खोलीत दिवस काढावे लागले. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शक यंत्रावर तासन्‌तास काम करणे पुढे शक्य राहिले नाही. दुसरा एखादा खचून गेला असता. गेडिसांनी यंत्रातून काढलेली नजर मनुष्यवस्तीकडे वळविली. रोप जसे माती, पाणी व उजेड ह्यांवाचून वाढत नाही, तसे माणसाचे मूलही वाढत नाही, हा त्यांच्या उर्वरित आयुष्याचा सिद्धान्त झाला.

त्या काळचे एडिंबरो म्हणजे एका नावाची दोन गावे. नव्या गावात श्रीमंतांचे वाडे आणि त्यांच्यासमोर सुंदर बागा. परंतु त्या बागांना लोखंडी कुंपण व फाटकास कुलूप असे. किल्ल्या भोवतालच्या घरमालकांपाशीच राहत. त्यांपैकी काही बागांची रीत आजही तीच आहे. जुन्या गावात मात्र उंच, काळवंडलेल्या इमारतींत एकेका खोलीत सबंध कुटुंब कोंबलेले असावयाचे. १८८६ साली गेडिसांचा ॲना मॉर्टन ह्या सुशील व समाजसेवेची आवड असलेल्या स्त्रीशी विवाह झाला. प्राध्यापकास शोभेलसे घर नव्या गावात घेणे त्यांस अशक्य नव्हते. परंतु ह्या दांपत्याने जुन्या गावातील जेम्स कोर्ट ह्या पडक्या चौकात बिऱ्हाड केले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी भिंतींस चुना दिला, चौक झाडला, खिडक्यांत फुलझाडे ठेविली. उपदेश करण्यापूर्वी स्वतः झाडू हाती घेणारे असे विद्वान विरळाच.

पुढे त्यांच्या मंडळींनी जुन्या गावाची गल्लीगणिक पाहणी केली. तेव्हा त्या गजबजाटातही सुमारे पाऊणशे पडीक तुकडे निघाले. कोठे पडलेल्या घराचा चौथरा, कोठे दोन भिंतींमधील उकिरडा. सारे मिळून दहा एकर जमीन भरली. जागा नाही म्हणून जो तो रडत होता, आणि जागा तर पायाखालीच होती! त्यांपैकी काही तुकड्यांच्या बागा झाल्या. आखणीचे पुष्कळसे काम त्यांची कन्या नोरा हिने केले. मैलभर दूरचे मोठे उद्यान ज्याच्या घरी गाडीघोडा आहे त्याच्या उपयोगी. कामावरून थकून आलेल्या मजुराच्या बायकोस व तिच्या कडेवरच्या मुलास दाराशी असलेले चार हात अंगणच खरे, हे मर्म ह्या लहान बागांत साठविलेले आहे.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड ह्यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानास आले. आयुष्यभर जमविलेले नगररचनेचे प्रदर्शन दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज जर्मनांच्या एम्डेन नौकेने बुडविले. मित्रांनी नकाशे व चित्रे पुन्हा गोळा करून पाठविली आणि काही महिन्यांतच मद्रासला प्रदर्शन भरले. मग गावोगावी हिंडून त्यांनी अहवाल लिहिले. त्यांत आपले ठाणे व मराठ्यांच्या राज्याने गाजलेले तंजावर हीही होती. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढावा व आड येणारी घरे पाडावीत, ही त्या वेळच्या इंजिनिअरांची पद्धत. पाडलेल्या घरांतील गरीब जावयाचे कोठे, तर शेजारच्या गल्लीत, म्हणजे तेथे गर्दी दुप्पट! गेडिस पायी फिरून अगदी मोडकळीस आलेली तेवढीच घरे काढावयास सांगत. देऊळ, विहीर, पार व वृक्ष राखीत आणि मोकळ्या झालेल्या जागी नवे झाड लावीत. तंजावरास ह्या रीतीने खर्च एक-षष्ठांशावर येतो, असे त्यांनी दाखवून दिले. तलाव बुजवू नयेत, ते स्वच्छ राखून त्यांत मासे सोडावेत, असाही त्यांचा आग्रह असे.

१९१७ हे वर्ष त्यांच्या सत्त्वपरीक्षेचे ठरले. एप्रिलात थोरला मुलगा ॲलास्डेर फ्रान्सच्या रणांगणावर पडला. पत्नी त्या वेळी येथेच तापाने अंथरुणास खिळलेली होती. तिला ही वार्ता न कळविता ते तिच्या उशाशी बसून राहिले; दोन महिन्यांत तीही गेली. अशा दुःखात त्यांनी इंदूरचे काम हाती घेतले.

इंदुरात तेव्हा प्लेगचे भय होते. तुकोजीराव होळकरांच्या अनुमतीने गेडिसांनी त्या वर्षीच्या दिवाळीत एक अपूर्व मिरवणूक काढविली. मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या वस्तीत घरे अधिक स्वच्छ व झाडे अधिक लावलेली असतील तिकडून जाईल, अशी दवंडी पिटली. मग काय विचारता! गरीब आळ्यांतूनही केरकचरा निघू लागला. मिरवणुकीत लक्ष्मी होती, उंदरांची व डासांची सोंगे होती. आणि शहराचे झाडूवाले स्वच्छ वस्त्रे नेसून, रंगविलेल्या गाड्या व शृंगारलेले बैल घेऊन मानाने चालत होते. नगराध्यक्षांच्या व स्वतः गेडिसांच्या डोक्यावर ज्या रंगाचे पागोटे, त्याच रंगाचे झाडूवाल्यांच्याही डोक्यावर. हे गेडिसांनी मुद्दाम मागून घेतले होते. घरोघर लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटण्यात आली. शेवटी सार्वजनिक बागेत प्लेगरूपी राक्षसाचे दहन झाले. इंदूरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली छापला गेला.

१९१९ ते १९२४ ह्या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. मालवणचे सुपुत्र डॉ. गो. स. घुर्ये ह्यांस विलायतेस पाठविण्यासाठी निवडणारे तेच. पुढे त्यांची गादीही घुर्ये ह्यांनीच चालविली. १९२५ मध्ये समुद्रकाठच्या तेल अवीव नगराची आखणी करताना त्यांनी घरांच्या समूहांमध्ये सर्वांसाठी लहान लहान बागा योजिल्या. ह्या थोर पुरुषाने फ्रान्समधील माँपेलिए येथे १७ एप्रिल १९३२ रोजी देह ठेविला. त्यांचे पुष्कळ अहवाल कचेऱ्यांच्या कपाटांत पडून राहिले, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. तथापि जी अंगणे त्यांनी मोकळी करविली त्यांत वाढलेली मुले हेही काही लहान स्मारक नव्हे.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्या ज्ञातीच्या कार्यालयामागील पटांगणास भिंत घालून तेथे लग्नप्रसंगी येणाऱ्या मोटारींसाठी फरशी करावी, अशी सूचना येत्या वार्षिक सभेपुढे यावयाची आहे. भाड्याचे उत्पन्न वाढेल व त्यातून विद्यार्थ्यांस साहाय्य होईल, हा सूचकांचा हेतू चांगलाच आहे. परंतु त्या कडुनिंबाखाली रोज संध्याकाळी आसपासच्या चाळींतील मुले खेळतात. त्यांत आपली थोडी व इतरांची फार. आमच्या मते ही तक्रारीची बाब नसून संस्थेच्या भूषणाची आहे. मोटारी वर्षातून पंचवीस-तीस दिवस येतात. मुलास खेळ रोज लागतो. पूर्वजांनी ही जमीन घेतली तेव्हा ज्ञातीचा विचार केला असेल. पण त्यांनी लावलेल्या झाडाने सावली देताना कोणाची जात विचारलेली नाही. म्हणून फरशीऐवजी आणखी चार झाडे लावावीत आणि फाटक सकाळ-संध्याकाळ सर्वांस उघडे ठेवावे, अशी सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे. सभेस सर्वांनी अगत्य यावे व येण्यापूर्वी एकदा सायंकाळी त्या पटांगणात जाऊन उभे राहावे.