सार्जंट यॉर्क ह्यांची बंदूक

रानडुकरांपासून पीक राखावयास घरी परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यास तिचे ओझे वाटत नाही. परंतु तीच मनुष्यावर रोखण्याची आज्ञा झाली तर? ह्या प्रश्नाने ज्याचे हृदय कित्येक महिने पोळले, अशा एका डोंगरी शेतकऱ्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

अल्विन यॉर्क ह्यांचा जन्म १३ डिसेंबर १८८७ रोजी अमेरिकेतील टेनेसी प्रांतात, पॉल मॉल ह्या खेड्यात झाला. भावंडे अकरा, वडील शेती व लोहारकाम करीत. शाळा नावापुरती, शिकारीवर घर चाले, म्हणून नेम लहानपणीच पक्का झाला. तिकडे शर्यतीत ओंडक्याआड टर्की पक्षी बांधीत व डोकावणाऱ्या त्याच्या डोक्यावर गोळी मारावयाची असे. यॉर्क ह्यात पटाईत. दारू, जुगार व मारामारी ह्यांतही मागे नव्हते. १९१४-१५ च्या हिवाळ्यात संजीवन सभांत त्यांचे मन पालटले. दारू सुटली, जुगार सुटला. बंदूक मात्र खुंटीवर राहिली, कारण शिकारीत त्यांस पाप दिसले नाही.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली. सहाव्या आज्ञेस स्मरून यॉर्क ह्यांनी लढण्याची इच्छा नसल्याचे लिहून दिले. त्यांच्या मंडळीस पवित्र शास्त्रावाचून दुसरा लेखी मतांगीकार नाही, म्हणून अर्ज नामंजूर झाला. (हे कारण आम्हांस चमत्कारिकच वाटते!) छावणीत कॅप्टन डॅनफर्थ व मेजर बक्स्टन ह्या वरिष्ठांनी त्यांस धमकाविले नाही, शास्त्र उघडून त्यांच्याशी संभाषण केले. तरवार विकत घेण्याविषयी प्रभूने शिष्यांस सांगितलेले लूकचे वचन व यहेज्केलातील पहारेकऱ्याचा अध्याय त्यांनी पुढे ठेविला. पुढे रजा मिळाली. घरच्या डोंगरावर यॉर्क ह्यांनी दीर्घ प्रार्थना केली आणि जावे असा निश्चय घेऊन ते उतरले. त्याच युद्धात कित्येक मेनोनाइट बंधूंनी शस्त्र नाकारून तुरुंग पत्करला. त्यांचा विश्वास उणा होता असे आम्ही म्हणणार नाही.

८ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्सातील आर्गोन अरण्यात सतरा जणांची तुकडी यंत्रतोफांच्या माऱ्यात सापडली, सहा पडले. यॉर्क एकेक नेम साधीत व शत्रूस शरण या म्हणून ओरडत. अखेर १३२ कैदी हाती आले. परंतु दुसऱ्या दिवशी ते त्याच जागी परत गेले, कोणी जिवंत आहे काय हे पाहिले आणि दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी प्रार्थना केली. हा प्रसंग आम्हांस त्यांच्या पदकाहून मोठा वाटतो.

कीर्तीवर पैसा करण्यास पुष्कळांनी बोलाविले. ते गावी परतले. डोंगरी मुलांसाठी त्यांनी खटपट करून उभारलेली शाळा १९२६ साली जेम्सटाउन येथे सुरू झाली. आपल्या चरित्राचा चित्रपट होऊ देण्यास ते वर्षानुवर्षे नकार देत. १९४१ साली तो निघाला, तेव्हा मिळालेला पैसा त्यांनी पॉल मॉल येथे शास्त्रशाळा बांधण्याकडे लाविला. २ सप्टेंबर १९६४ रोजी ते निवर्तले. त्यांस गावच्याच दफनभूमीत पुरले.