पाव्लोस कुंटुरिओटिस

पाव्लोस कुंटुरिओटिस (९ एप्रिल १८५५ – २२ ऑगस्ट १९३५) हे ग्रीक नौदलाचे ॲडमिरल व दुसऱ्या ग्रीक प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष होते. पहिल्या बाल्कन युद्धात त्यांनी एजियन समुद्रावर ग्रीसचे वर्चस्व प्रस्थापित केले.

घराणे व आरंभीची सेवा

त्यांचा जन्म हायड्रा बेटावरील एका श्रीमंत जहाजमालक घराण्यात झाला. आजोबा गेओर्गिओस कुंटुरिओटिस हे ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातील अग्रणी नेते होते. पाव्लोस १८७५ साली नौदलात दाखल झाले. १९०८ साली ते राजे पहिले जॉर्ज यांचे परिसहायक झाले.

१९११ साली नवी चिलखती क्रूझर 'गेओर्गिओस आवेरोफ' इंग्लंडमध्ये असताना तिच्यावरील खलाशांनी बंड केले. तेव्हा कप्तान बदलण्यात येऊन जहाजाची सूत्रे कुंटुरिओटिस यांच्याकडे आली.

बाल्कन युद्ध

ऑक्टोबर १९१२ मध्ये युद्ध सुरू होताच त्यांची एजियन आरमाराचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. त्यांच्या हाताशी 'आवेरोफ', तीन जुन्या मंदगती युद्धनौका आणि विनाशिकांचा ताफा होता. 'आएतोस', 'इएराक्स', 'लेओन' व 'पांथिर' या चार विनाशिका मुळात अर्जेंटिनासाठी ब्रिटनमध्ये बांधलेल्या होत्या. ग्रीसने त्या त्याच वर्षी विकत घेतल्या होत्या. गरुड, ससाणा, सिंह व चित्ता असे त्यांच्या नावांचे अर्थ आहेत.

लेम्नोस बेट जिंकून त्यांनी तेथील मुद्रोस उपसागरात तळ उभारला आणि दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या मुखावर पहारा बसवला. त्यामुळे ऑटोमन साम्राज्याला आशियातील फौजा समुद्रमार्गे बाल्कन आघाडीवर नेणे अवघड झाले.

१६ डिसेंबर १९१२ रोजी एलीच्या लढाईत 'आवेरोफ'ला जुन्या नौकांसोबत रेंगाळत न ठेवता ते एकट्या जहाजानिशी पूर्ण वेगाने शत्रूवर चालून गेले. ऑटोमन आरमाराला सामुद्रधुनीत परतावे लागले.

जानेवारी १९१३ मध्ये 'हमिदिये' ही ऑटोमन क्रूझर पहारा चुकवून बाहेर पडली. तिचा पाठलाग करण्याचा आदेश अथेन्सहून आला; परंतु 'आवेरोफ'ला दूर नेण्याचा हा डाव असल्याचे ओळखून कुंटुरिओटिस यांनी जागा सोडली नाही. त्यांचा अंदाज खरा ठरला. १८ जानेवारी रोजी ऑटोमन आरमार बाहेर आले व लेम्नोसच्या लढाईत पराभूत होऊन परतले. पाठलागाचा आदेश पाळला असता, तर 'आवेरोफ'विना उरलेल्या मंदगती नौकांवर या आरमाराला तोंड देण्याची वेळ आली असती.

राजकीय जीवन

राजाचे परिसहायक राहिलेल्या कुंटुरिओटिस यांनी पहिल्या महायुद्धात मात्र राजे कॉन्स्टंटाइन यांच्या तटस्थतेच्या धोरणाला विरोध केला. १९१६ साली व्हेनिझेलोस व जनरल दांग्लिस यांच्यासह त्यांनी थेसालोनिकी येथे हंगामी सरकार स्थापन केले. पुढे दोनदा राजप्रतिनिधी राहिल्यानंतर १९२४ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले. १९२६ साली जनरल पांगालोस यांच्या हुकूमशाहीत त्यांनी राजीनामा दिला. ती उलथल्यावर त्याच वर्षी ते पुन्हा पदावर आले. १९२७ साली त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला, त्यातून ते बचावले. प्रकृतीच्या कारणास्तव डिसेंबर १९२९ मध्ये ते पदावरून निवृत्त झाले. त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच ग्रीसमध्ये राजेशाही परतली.

स्मृती

त्यांचे नाव दिलेली 'कुंटुरिओटिस' ही विनाशिका दुसऱ्या महायुद्धात ग्रीक नौदलाच्या सेवेत होती. त्याच युद्धात 'आवेरोफ' काही काळ मुंबई बंदरात तळ ठेवून हिंदी महासागरात ताफ्यांच्या संरक्षणाचे काम करीत होती. आज ती अथेन्सजवळील पालेओ फालिरो येथे संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे.