सुसान्नाबाई वेस्ली

मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली ह्यांच्या मातोश्री सुसान्नाबाई ह्यांचा जन्म लंडन येथें सन १६६९ त झाला. त्यांचे पती सॅम्युएल हे एपवर्थ गांवीं पाळक होते. एकोणीस अपत्यांपैकीं दहाच वांचलीं. त्यांस बाईंनीं घरींच शिकविलें. मुलीस उत्तम वाचतां आल्यावांचून कामास लावावयाचें नाहीं, असा त्यांचा नियम होता.

सन १७११-१२ च्या हिवाळ्यांत पती धर्मसभेसाठीं लंडनला राहिले. रविवारीं सायंकाळीं बाई मुलांसमवेत प्रार्थना करून उपदेश वाचीत. शेजारी येऊं लागले व संख्या दोनशेंवर गेली. स्त्रीनें मंडळींत असें पुढें होणें त्या काळीं अनुचित मानीत. सहायक पाळकानें तक्रार केली व पतींनीं थांबण्याविषयीं लिहिलें. बाईंनीं नम्रपणें कळविलें कीं, नुसती इच्छा न दर्शवितां स्पष्ट आज्ञा करावी. म्हणजे न्यायाच्या दिवशीं प्रभूपुढें जाब देण्याचा भार त्यांजवर राहणार नाहीं. ह्यावर पतींनीं पुनः हरकत घेतली नाहीं.

बाई १७४२ त निवर्तल्या. पुढें पुत्र जॉन ह्यांनीं कांहीं स्त्रियांस उपदेशाची मोकळीक दिली; १८०३ त ती बरीच आवरण्यांत आली. ब्रिटनमधील मेथडिस्ट स्त्रियांस पाळकपदाची दीक्षा १९७४ त मिळाली. बाईंनीं आज्ञा मोडली नाहीं, आणि सदसद्विवेकही सोडला नाहीं.