हार्वेस्टरचा पट्टा आणि सायरस मॅकॉर्मिक

परवा शेतात गव्हाच्या हार्वेस्टरचा पट्टा बदलत होते आणि मी मोबाईलची टॉर्च धरून उभा होतो. जुन्याच्या कडा चकचकीत, आतून भेगा. पुलीवर नुसता घसरत होता. इंजिन बंद केलं, टेन्शनर सैल केला, नवा पट्टा चढवून परत ताण दिला. ऑपरेटरकडे जादा पट्टा होता म्हणून निभावलं. तेव्हाच मला सायरस मॅकॉर्मिक आठवला.

हा १८०९ साली अमेरिकेत, व्हर्जिनियात जन्मला. वडील रॉबर्ट कापणीयंत्रासाठी वर्षानुवर्षं झटले, जमलं नाही. सायरसने १८३१ मध्ये घोड्याने ओढायचं यंत्र चालवून दाखवलं. इंजिन नव्हतंच, जमिनीवरचं चाक फिरलं की त्याच्या जोरावर पातं मागेपुढे सरके. या कामात जो अँडरसन या गुलामाचाही हात होता, पण १८३४ च्या पेटंटवर नाव एकट्या सायरसचं. हे मला खटकतं.

१८४७ मध्ये त्याने शिकागोत कारखाना काढला. पुढच्याच वर्षी पेटंटची मुदतवाढ नाकारली गेली, म्हणजे नक्कल करायला सगळे मोकळे! माझ्या मते त्याची खरी हुशारी यंत्र विकण्यात दिसते: लेखी हमी, उधारीवर विक्री आणि सुटे भाग ठेवणारे एजंट. ऐन कापणीत यंत्र अडलं तर उभं पीक हातचं जातं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही.

१८७१ च्या आगीत कारखाना जळाला, त्याने परत उभारला. १८८४ मध्ये तो वारला.

आमच्या जुन्या पट्ट्यावरच्या नंबरचा फोटो मी काढून ठेवलाय.