रमण राघव

रमण राघव (मृत्यू : १९९५, पुणे) हा १९६०च्या दशकात मुंबईत अनेक खून करणारा गुन्हेगार होता. सिंधी दलवाई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी अशी त्याची इतरही नावे होती. भारतातील मालिका खुनांच्या तपासाच्या इतिहासात त्याचे प्रकरण महत्त्वाचे मानले जाते.

गुन्ह्यांची साखळी

१९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्वेकडील रेल्वेमार्गालगत पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले. त्यांपैकी ९ जण मरण पावले. या काळात रमण राघव त्या परिसरात फिरताना पोलिसांना आढळला होता. दरोड्याच्या गुन्ह्यात त्याने पूर्वी तुरुंगवास भोगल्याची नोंदही होती. मात्र प्रत्यक्ष पुरावा नसल्याने त्याला सोडून द्यावे लागले.

१९६८ मध्ये उपनगरांत पुन्हा खून सुरू झाले. बळी पडणारे एकमेकांना ओळखत नव्हते आणि बहुतेक खुनांमागे नेहमीचा हेतूही दिसत नव्हता. तथापि रात्रीची वेळ, झोपलेली गरीब माणसे आणि जड, बोथट हत्याराने डोक्यावर केलेले घाव या बाबी सर्वत्र समान होत्या. त्यावरून हे एकाच व्यक्तीचे काम असावे, असा निष्कर्ष पोलिसांनी काढला. गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाची सूत्रे हाती घेऊन जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या.

अटक

२७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी छायाचित्र व वर्णनावरून त्याला ओळखून ताब्यात घेतले. बोटांचे ठसे जुन्या नोंदीतील सिंधी दलवाईच्या ठशांशी जुळल्याने त्याची ओळख पक्की झाली. पद्धतीतील साम्यामुळे निरनिराळे गुन्हे एकत्र जोडता आले होते. पण ते गुन्हे विशिष्ट माणसाशी जोडण्यासाठी स्वतंत्र पुरावा लागतो. काही दिवसांनी त्याने कबुली दिली आणि लपवलेली हत्यारे पोलिसांना दाखवली. एकूण ४१ खुनांचा आकडा त्याच्याशी जोडला जातो. परंतु खटला त्यांपैकी मोजक्याच खुनांबाबत चालला.

खटला व शिक्षा

आरोपी मनोरुग्ण असल्याचा बचाव पक्षाचा युक्तिवाद फेटाळून सत्र न्यायालयाने ऑगस्ट १९६९ मध्ये त्याला फाशीची शिक्षा सुनावली. त्याने अपील करण्यास नकार दिला. शिक्षा कायम करण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने त्याची मानसिक तपासणी करण्याचा आदेश दिला. तीन मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने प्रदीर्घ मुलाखतींनंतर त्याला बरा न होणारा स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान केले. कायद्याच्या दृष्टीने शहाणा ठरलेला माणूस वैद्यकीय दृष्ट्या गंभीर आजारी असू शकतो, हा प्रश्न या प्रकरणाने ठळकपणे पुढे आणला. १९८७ मध्ये त्याची फाशी जन्मठेपेत बदलण्यात आली.

मृत्यू

येरवडा कारागृहात शिक्षा भोगत असताना मूत्रपिंडाच्या विकाराने पुण्याच्या ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

चित्रपटांत

श्रीराम राघवन यांनी त्याच्या जीवनावर रघुवीर यादव यांना घेऊन चित्रपट केला. अनुराग कश्यप यांच्या २०१६ मधील ‘रमण राघव २.०’ची प्रेरणाही हेच प्रकरण होते. त्याचे कथानक मात्र काल्पनिक आहे.